डोमेनची बाह्य तपासणी व ई-टपालाची सत्यता

टपालाच्या पाकिटावर प्रेषक म्हणून कोणाचे नाव लिहावे, यावर टपाल खात्याचे कसलेही बंधन नसते. पाकिटाच्या कोपऱ्यात कोणी "जिल्हाधिकारी" असे लिहिले, तरी पोस्टमन ते पत्र मुकाट्याने पोहोचविणार. ई-मेलची मूळ रचनाही अशीच आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने ई-मेलच्या वहनाचे जे नियम लिहून काढले, त्यांनुसार पत्र देणारा संगणक आपली ओळख आपणच सांगतो आणि पत्र घेणारा संगणक ती मान्य करतो. त्या काळी जाळ्यास जोडलेले संगणक मोजके होते व त्यांचे चालक बहुधा विद्यापीठांतील आणि संशोधनसंस्थांतील होते. परस्परांविषयी शंका घेण्याचे त्यांना कारण नव्हते. पुढील वर्षी, म्हणजे १९८३ मध्ये, पॉल मॉकापेट्रिस यांनी नावावरून संगणकाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था मांडली. आजचे प्रत्येक संकेतस्थळ व प्रत्येक ई-मेल पत्ता या दोन रचनांवर उभा आहे, आणि त्यांतील भाबडा विश्वासही वारसाहक्काने आजच्या कार्यालयांकडे आलेला आहे.

या विश्वासाची किंमत काय पडते, हे एका कल्पित उदाहरणावरून ध्यानात येईल. एखाद्या कार्यालयाच्या ठेकेदारास त्या कार्यालयाच्याच पत्त्यावरून पत्र येते की, अनामत रकमेचा भरणा यापुढे अमुक नव्या खात्यात करावा. पत्रावर बोधचिन्ह आहे, जावक क्रमांक आहे, अधिकाऱ्याचे नाव व पदनामही बिनचूक आहे. ठेकेदार पैसे भरतो. महिन्याभराने स्मरणपत्र गेल्यावर उघड होते की, कार्यालयाने असे पत्र कधी पाठविलेच नव्हते. बारनिशीत त्याची नोंद नाही, कार्यालयाच्या संगणकात कोणी शिरलेले नाही, कोणाचा पासवर्डही चोरीस गेलेला नाही. कार्यालयाचे नाव कोणीही वापरू शकत होते, इतकेच. अशा प्रसंगी दोष ठेकेदाराच्या गाफीलपणास दिला जातो. परंतु त्याने पत्ता पाहिला होता आणि तो पत्ता खराच होता, हे विसरता कामा नये.

हा धोका केवळ पैशापुरता नाही. २ मे २०२४ रोजी अमेरिकेच्या एफबीआय, परराष्ट्र खाते व एनएसए या तिन्ही यंत्रणांनी संयुक्त सूचना काढून जाहीर केले की, उत्तर कोरियाचा किमसुकी हा हेरगट पत्रकार व प्राध्यापक यांच्या नावे तज्ज्ञांना पत्रे धाडीत असून, त्यासाठी तो ज्या संस्थांच्या डोमेनवर पडताळणीचे धोरण सैल आहे अशा संस्थांची नावे वापरीत आहे. संस्थांच्या सार्वजनिक नोंदीतील एक ओळ कच्ची होती, आणि तेवढी त्या हेरांना पुरली.

बाहेरून काय दिसते

ही कच्ची ओळ शोधण्यास कार्यालयाच्या आत जावे लागत नाही. डोमेनच्या बहुतेक नोंदी जगाला वाचता याव्यात यासाठीच प्रसिद्ध केलेल्या असतात. विंडोज संगणकावर 'एनएसलुकअप' व लिनक्सवर 'डिग' ही आज्ञा दिली की त्या समोर येतात. खर्च काही नाही. बाह्य तपासणी म्हणतात ती हीच: उपऱ्या माणसास रस्त्यावर उभे राहून जे दिसते, ते मालकाने एकदा स्वतः पाहून घेणे.

एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळावयाची आहे. प्रसिद्ध नोंदी वाचणे वेगळे, आणि दुसऱ्याच्या सर्व्हरची दारे ठोठावून कोणते उघडते हे पाहणे वेगळे. मालकाच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणे वा तो मिळविणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ खाली येते. स्वतःच्या कार्यालयाच्या सर्व्हरची अशी चाचणी करावयाची झाल्यासही प्रथम लेखी आदेश घ्यावा. तोंडी संमती पुढे कोणाच्या स्मरणात राहत नाही.

तपासणीचा प्रारंभ नोंदणीपासून करावा. डोमेन कोणाच्या नावे आहे, मुदत कधी संपते, आणि हस्तांतरणास कुलूप लावलेले आहे की नाही, या तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात. 'गव्ह डॉट इन' या शेपटाची नावे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फतच मिळतात. त्यामुळे तेथे नाव परक्या हाती जाण्याची भीती कमी. खरी अडचण येते ती एखाद्या योजनेसाठी, महोत्सवासाठी वा स्पर्धेसाठी घाईने घेतलेल्या खासगी शेपटाच्या नावांची. योजना संपते, नूतनीकरणाचे स्मरणपत्र बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या पत्त्यावर जाते, नाव बाजारात मोकळे होते आणि कोणीतरी ते उचलतो. जुन्या परिपत्रकांत, माहितीफलकांत व पाठ्यपुस्तकांच्या पाठपृष्ठांवर छापलेला पत्ता मग नव्या मालकाकडे जातो. त्या पत्त्यावर नागरिकांनी पाठविलेले अर्जही त्याच्याकडेच जातात, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. नूतनीकरणाचा खर्च वाचविण्याचा हा मार्ग फार महाग पडतो.

डीएनएसची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती सर्व काही. २२ जानेवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने आपल्या सर्व नागरी कार्यालयांस दहा कामकाजाच्या दिवसांत डीएनएसच्या नोंदी ताडून पाहण्याचा, त्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचा व दुहेरी ओळखपडताळणी लावण्याचा तातडीचा आदेश दिला, तो असे प्रकार प्रत्यक्ष घडल्यामुळेच. हल्लेखोरांनी सर्व्हर फोडले नव्हते; नोंदणीचे खाते हस्तगत करून टपालाची दिशा फिरविली होती.

पाठविणाऱ्यांची यादी

ई-मेलच्या सत्यतेसाठी आज तीन व्यवस्था प्रचलित आहेत. त्या एकामागून एक आल्या आणि प्रत्येक पुढचीने मागचीची उणीव भरून काढली, म्हणून त्याच क्रमाने त्या समजून घेणे सोयीचे.

पहिली एसपीएफ. तिचे नियम २००६ मध्ये व सुधारून २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. डोमेनच्या नोंदीत एक ओळ लिहावयाची: आमच्या नावाने टपाल टाकण्याचा अधिकार अमुक अमुक सर्व्हरना आहे. घेणारा संगणक ही यादी पाहतो व पत्र यादीतील सर्व्हरवरून आले की नाही हे ताडतो. यादीच्या शेवटी 'ऑल' हा शब्द असतो आणि त्यापूर्वीचे एकच चिन्ह सारा अर्थ ठरविते. उणे चिन्ह असल्यास "इतर कोणीही नाही". लाटेसारखे चिन्ह असल्यास "इतर कोणी असल्यास संशय धरावा". आणि अधिक चिन्ह असल्यास "जगातील कोणीही चालेल". हे शेवटचे चिन्ह दिसल्यास त्याच दिवशी काढावे. कोठे टपाल अडकू नये या सद्हेतूने कोणीतरी ते टाकलेले असते. परंतु त्याने यादी असून नसल्यासारखी होते.

या यादीत दोन चुका वारंवार आढळतात. एक म्हणजे एकाच डोमेनवर दोन एसपीएफ ओळी असणे. नव्या कंपनीने आपली ओळ घातली, जुनी कोणी काढली नाही. अशा वेळी नियमाप्रमाणे दोन्ही निरर्थक ठरतात. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. यादी तपासताना घेणाऱ्या संगणकाने डीएनएसकडे जास्तीत जास्त १० वेळा विचारणा करावी, असे बंधन आहे. 'इन्क्लूड' शब्दाने दुसऱ्या कंपनीची यादी जोडली की एक विचारणा खर्ची पडते, आणि त्या यादीच्या पोटात आणखी याद्या असल्यास त्याही मोजल्या जातात. समजा, टपालसेवेची यादी व तिच्या पोटातील तीन मिळून ४, वार्तापत्र पाठविणाऱ्या कंपनीची यादी व पोटातील दोन मिळून ३, आणि देयकांच्या संगणकप्रणालीची यादी व पोटातील तीन मिळून ४ झाल्या. बेरीज ११. ओळ पाहता निर्दोष दिसते. तपासणी डावीकडून सुरू होऊन मेळ बसताच थांबते. म्हणून रोजचा पत्रव्यवहार सुरळीत जातो आणि यादीत शेवटी असलेल्या देयकप्रणालीची पत्रे मात्र नापास होऊ शकतात. "आमची सर्व पत्रे जातात, फक्त बिलांचीच अडतात" अशी तक्रार आल्यास प्रथम ही बेरीज करावी.

एसपीएफची मूळची उणीव अशी की, ती पाकिटावरील प्रेषक तपासते, आतल्या पत्राच्या शिरोभागी असलेला नव्हे. ई-मेलला दोन प्रेषक असतात, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. पाकिटावरचा संगणकांपुरता, पत्रातला वाचकाच्या डोळ्यांसाठी. लबाड माणूस पाकिटावर स्वतःच्याच डोमेनचे नाव घालतो, एसपीएफच्या परीक्षेत उजळ माथ्याने उत्तीर्ण होतो, आणि आतील पत्रावर कार्यालयाचे नाव लिहितो.

मोहोर आणि धोरण

दुसरी व्यवस्था डीकेआयएम. तिचे नियम २००७ व नंतर २०११ चे. पूर्वी राजदरबारच्या खलित्यावर लाखेची मोहोर उमटवीत, तशी ही संगणकी मोहोर पत्राच्या मजकुरावर उमटते. मोहोर उमटविण्याची गुप्त किल्ली पाठविणाऱ्या सर्व्हरकडे राहते व ती पडताळण्याची सार्वजनिक किल्ली डोमेनच्या नोंदीत ठेवली जाते. मोहोरबंद मजकुरात वाटेत बदल झाल्यास मोहोर जुळत नाही. पत्र दुसऱ्या पत्त्यावर पुढे धाडले गेले तर एसपीएफ मोडते, कारण सर्व्हर बदलतो. मोहोर मात्र मजकुराबरोबर जाते व शाबूत राहते. किल्ली २०४८ बिटांची असावी. एवढी लांब किल्ली डीएनएसच्या एका २५५ अक्षरांच्या तुकड्यात मावत नाही, ती दोन तुकड्यांत लिहावी लागते. चिकटविताना मध्येच एखादे अक्षर गळाल्यामुळे महिनोन् महिने मोहोर न जुळण्याचे प्रकार घडतात.

येथे बाह्य तपासणीची एक मर्यादा सांगणे अगत्याचे आहे. किल्ली ज्या नावाखाली ठेवलेली असते, ते सिलेक्टर नावाचे पद बाहेरून समजत नाही. म्हणून एखाद्या तपासणी-साधनाने "डीकेआयएम आढळले नाही" असा शेरा मारला, तर तो लगेच खरा मानू नये. कार्यालयातून आलेले एखादे प्रत्यक्ष पत्र घेऊन त्याचा संपूर्ण शिरोभाग उघडावा. सिलेक्टर तेथे लिहिलेला असतो. नोंद तपासावयाची ती त्यावरून. तसेच डोमेनला इयत्तेप्रमाणे अ, ब, क अशी श्रेणी देणारी जी साधने आहेत, त्यांच्या श्रेणीवर समाधान वा संताप मानण्यात अर्थ नाही. अनेकदा किरकोळ उणिवेने श्रेणी घसरते आणि मोठी उणीव तिच्या नजरेतून सुटते.

तिसरी व्यवस्था डीमार्क. २०१२ मध्ये ती पुढे आली व मार्च २०१५ मध्ये तिचे नियम ग्रथित झाले. पत्रातील दृश्य प्रेषकाचे डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकेआयएमने सिद्ध झालेले डोमेन यांचा मेळ बसला पाहिजे, ही तिची मुख्य अट. दोहोंपैकी एकाचा मेळ बसला तरी पत्र उत्तीर्ण. मेळ न बसल्यास काय करावे, हे मालक आपल्या नोंदीत सांगतो: काहीही करू नये, संशयित कप्प्यात टाकावे, किंवा परत फिरवावे. इंग्रजी पदांप्रमाणे ही तीन धोरणे 'नन', 'क्वारंटाइन' व 'रिजेक्ट' होत. पहिल्या धोरणाने बनावट पत्र अडत नाही. त्याने केवळ अहवाल मिळतात. तरीही असंख्य डोमेन याच पायरीवर वर्षानुवर्षे थांबलेले दिसतात, आणि तपासणीच्या कागदावर "डीमार्क आहे" अशी बरोबरची खूण होते. उपरोक्त किमसुकी प्रकरणात नेमकी हीच पळवाट वापरली गेली.

अहवाल हा या व्यवस्थेचा सर्वांत मौल्यवान व सर्वांत दुर्लक्षित भाग. मोठ्या टपालसेवा बहुधा दररोज अहवाल पाठवितात. समजा, एका दिवशीच्या अहवालात तीन ओळी आहेत. पहिल्या ओळीत कार्यालयाच्याच सर्व्हरवरून १२४० पत्रे, दोन्ही परीक्षांत उत्तीर्ण. दुसरीत वार्तापत्राच्या कंपनीकडून ३१० पत्रे. एसपीएफ व मोहोर दोन्ही खऱ्या, परंतु त्या कंपनीच्या डोमेनच्या, कार्यालयाच्या नव्हेत. म्हणून मेळ नाही. तिसरीत अनोळखी ठिकाणाहून ८५ पत्रे, दोन्हींत नापास. घाईने 'रिजेक्ट' लावल्यास ही ८५ बनावट पत्रे अडतील, पण त्यांबरोबर ३१० खरी वार्तापत्रेही परत फिरतील. म्हणून प्रथम कंपनीस कार्यालयाच्या नावाची मोहोर उमटविण्यास सांगावे, ओळ उत्तीर्ण झाल्याचे पाहावे, आणि मगच पाऊल पुढे टाकावे. सर्व ओळींचा उलगडा होईपर्यंत काही आठवडे जातात. देयके, स्मरणपत्रे, भरतीच्या सूचना पाठविणारे कितीतरी सर्व्हर कार्यालयाच्या नावाने चालत असतात व त्यांची एकत्र यादी कोठेच नसते, असा अनुभव या टप्प्यावर बहुतेकांस येतो.

हे काम मोठ्या शासनयंत्रणेसही कालबद्धपणे करता येते. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने १६ ऑक्टोबर २०१७ च्या आदेशान्वये केंद्रीय नागरी कार्यालयांस ९० दिवसांत अहवाल सुरू करण्याचे व एका वर्षात 'रिजेक्ट' लावण्याचे बंधन घातले होते. खासगी क्षेत्राचा रेटाही आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांस, गूगलच्या बाबतीत दिवसास ५००० वा अधिक, तिन्ही व्यवस्था आवश्यक केल्या. ज्या संस्थांनी त्या लावल्या नाहीत, त्यांची खरी निमंत्रणे व खऱ्या सूचनाही रद्दी कप्प्यात जाऊ लागल्या.

ज्या डोमेनवरून कधीच टपाल जात नाही, त्याचे काय? नेमके तेच लबाडांच्या पसंतीचे, कारण तिकडे कोणाचे लक्ष नसते. अशा डोमेनच्या एसपीएफ ओळीत कोणासही अधिकार देऊ नये व डीमार्क पहिल्याच दिवशी 'रिजेक्ट' ठेवावे. अडकण्यासारखे खरे पत्रच नसल्यामुळे येथे थांबण्याचे कारण नाही.

विसरलेली उपनामे

मूळ डोमेन सांभाळले, पण त्याखालची उपनामे विसरली, असेही होते. एखादे उपनाम बाहेरच्या सेवेकडे निर्देश करते. सेवा बंद होते, निर्देश तसाच राहतो. ती जागा दुसऱ्याने घेतली की कार्यालयाच्या नावाखाली त्याचे दुकान सुरू. फेब्रुवारी २०२४ मध्ये गार्डिओ या सुरक्षासंस्थेने उघड केलेल्या प्रकरणात ८००० हून अधिक डोमेन अशा प्रकारे वापरले गेले होते. त्यांत प्रख्यात कंपन्यांची नावे होती, आणि रद्दी टपाल त्यांच्या नावाने पडताळणीत उत्तीर्ण होऊन जात होते. कित्येक ठिकाणी एसपीएफच्या यादीत जोडलेले एखादे जुने डोमेनच बेवारस झाले होते.

उपनामांची यादी मिळविण्याचे एक साधन आयतेच उपलब्ध आहे. २०११ मध्ये डिजिनोटार या डच प्रमाणपत्रसंस्थेत शिरून हल्लेखोरांनी गूगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र काढले. त्याच वर्षी ती संस्था दिवाळखोरीत गेली. त्या धड्यानंतर प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवह्या ठेवण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या डोमेनसाठी कोणकोणती प्रमाणपत्रे निघाली, हे तेथे कोणासही पाहता येते. अपरिचित नाव दिसल्यास चौकशी करावी. प्रमाणपत्र कोणत्या संस्थेने द्यावे, हे सीएए नावाच्या नोंदीने मर्यादितही करता येते. सप्टेंबर २०१७ पासून प्रमाणपत्रसंस्थांस ती नोंद पाहणे बंधनकारक आहे.

संकेतस्थळाच्या बाजूने पाहावयाचे ते थोडके: जोडणी टीएलएसच्या १.२ वा १.३ या आवृत्तीची असावी, कारण १.० व १.१ मार्च २०२१ मध्ये रीतसर मोडीत निघाल्या. आणि साध्या पत्त्यावर आलेला वाचक आपोआप सुरक्षित पत्त्याकडे वळावा. प्रमाणपत्रांची मुदत मात्र झपाट्याने घटत आहे. एप्रिल २०२५ मध्ये ठरलेल्या वेळापत्रकानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० दिवस व २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस अशी आहे. वर्षातून एकदा हाताने प्रमाणपत्र बदलणाऱ्या कार्यालयांनी आपोआप नूतनीकरणाची सोय करून घेणे आता टाळता येणार नाही.

जेथे पडताळणी अपुरी पडते

१३ नोव्हेंबर २०२१ रोजी एफबीआयच्या खऱ्या पत्त्यावरून हजारो लोकांस सायबर हल्ल्याचे खोटे इशारे गेले. सर्व्हर खरा, मोहोर खरी, मजकूर मात्र खोटा. एका प्रवेशद्वारातील प्रणालीदोषाचा गैरफायदा घेतला गेला होता. पत्र कोठून निघाले एवढेच या तिन्ही व्यवस्था सांगतात. तसेच जवळपास सारख्या दिसणाऱ्या नावावरही त्यांची मात्रा चालत नाही. एखादे अक्षर कमीअधिक करून घेतलेले डोमेन स्वतःचे असल्याने सर्व परीक्षांत निर्वेधपणे उत्तीर्ण होते. देवनागरीत 'डॉट भारत' शेपटाची नावे २०१४ पासून मिळू लागली, तेव्हा 'ख' व 'रव' यांतला आपल्या लिपीतील जुना घोटाळा येथेही वाचकाच्या डोळ्यास चकवू शकतो, हे लक्षात ठेवावे.

बँकांपुरता यावर एक उपाय योजण्यात आला आहे. रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सर्व बँकांस, नागरी सहकारी बँकांसह, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या राखीव शेपटाकडे जाण्यास सांगितले. या नावांची नोंदणी हैदराबाद येथील आयडीआरबीटी ही एकच संस्था करते. बेळगाव, इंदूर, वडोदरा येथील मराठी समाजाच्या पुष्कळ पतसंस्था मात्र बँका नसल्यामुळे या कक्षेबाहेर आहेत. त्यांच्या सभासदांस ते कवच नाही. तेथे डीमार्कचे धोरण सभासदांच्या ठेवींच्या राखणीचाच एक भाग ठरते.

बनावट पत्राचा प्रकार उघडकीस आल्यास सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सहा तासांच्या आत कळविणे व नोंदी १८० दिवस जतन करणे आवश्यक आहे. तक्रार करताना पत्राची छापील प्रत वा पडद्याचे छायाचित्र पुरत नाही. मूळ पत्र संपूर्ण शिरोभागासह जोडावे.

तपासणी तिमाहीतून एकदा व्हावी आणि तिची नोंद बारनिशीसारख्याच एका वहीत ठेवावी. रकाने फार नकोत: डोमेनचे नाव, मुदतीची तारीख, नोंदणीचे खाते कोणत्या पदनामाच्या पत्त्यावर आहे, एसपीएफच्या विचारणांची संख्या, चालू सिलेक्टर, डीमार्कचे धोरण, अहवाल कोण वाचतो, प्रमाणपत्राची मुदत आणि उपनामांची यादी. नोंदणीचे खाते व्यक्तीच्या पत्त्यावर असल्यास ते पदाच्या पत्त्यावर वळवावे, आणि अधिकाऱ्याची बदली होताना कार्यभार-हस्तांतरणाच्या यादीत कपाटाच्या किल्ल्यांखालीच त्या खात्याची ओळ लिहावी.